केरॅटोकोनस: बुबुळ बदलायची वेळ येईल का, हे आपल्याच फाइलवरून कसं ओळखायचं

केरॅटोकोनस आहे असं कळलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला, बुबुळ बदलावं लागणार का, आणि लागणार असेल तर कधी. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, माझं बरंचसं काम याच पेशंटना कॉन्टॅक्ट लेन्स बसवायचं, त्यामुळे हा प्रश्न सारखा कानावर पडतो आणि विचारताना आईवडिलांचे चेहरे कसे होतात तेही दिसतं. तारीख कोणीच सांगू शकत नाही. पण वेळ जवळ आहे की लांब हे बऱ्यापैकी सांगता येतं, आणि त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती तुमच्याच फाइलमध्ये पडून असते, फक्त कुणी ती एका जागी लावलेली नसते. ते कसं करायचं ते इथे लिहितेय. ऑपरेशनचा निर्णय अर्थातच कॉर्नियाच्या डॉक्टरांचा, पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा तुम्हाला तुमचा डोळा माहीत असला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. "आजार वाढतोय का" आणि "ट्रान्सप्लांट लागेल का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोक दोन्ही एकच धरून चालतात, के-मॅक्सचा, म्हणजे बुबुळाच्या सगळ्यात उभार जागेचा, आकडा चढला की ऑपरेशन आलंच असं समजून रात्र रात्र झोपत नाहीत. वाढतोय का याचं उत्तर बुबुळाचा स्कॅन करणारं मशीन देतं. ट्रान्सप्लांटचं उत्तर जास्त करून लेन्स देते, म्हणजे चांगली बसवलेली लेन्स घालून किती दिसतं, ती दिवसभर सहन होते का, आणि बुबुळ मधोमध स्वच्छ आहे का. या दोन प्रश्नांची सरमिसळ केली नाही की निम्मी भीती तिथेच कमी होते.

आजार म्हणजे काय ते थोडक्यात. डोळ्याच्या पुढचा काचेसारखा स्वच्छ भाग म्हणजे कॉर्निया, आपण बोलताना त्यालाच बुबुळ म्हणतो. त्याची मधली जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. केरॅटोकोनसमध्ये तो एका जागी पातळ आणि कमजोर होत जातो आणि सायकलच्या जुन्या ट्यूबला जिथे रबर विरलंय तिथेच फुगा यावा तसा पुढे येतो. त्यामुळे सिलिंड्रिकल नंबर वाढत राहतो, रात्री समोरच्या गाडीचे लाइट फाटल्यासारखे दिसतात, एका अक्षराला दोन तीन सावल्या दिसतात आणि चष्मा बदलून बदलून माणूस कंटाळतो. सुरुवात बहुतेकदा दहावी बारावीच्या वयात, विशीत जोर, आणि तिशी उलटली की बहुतेकांचा वेग मंदावतो, चाळिशीकडे थांबतोच म्हणा.

आपल्याकडे हे दुर्मिळ नाही. नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये तिशीच्या पुढच्या लोकांची मोठी तपासणी झाली होती, २००९ मध्ये तिचे आकडे छापून आले, त्यात २.३ टक्के लोकांत केरॅटोकोनस धरला होता. त्यांनी ४८ डायॉप्टरच्या (बुबुळाचा उभार मोजायचं माप) पुढचं प्रत्येक बुबुळ त्यात धरलं, ही मोजपट्टी जरा सैल आहे हे मान्य, पण तरी एवढे लोक आपल्या आसपास आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधीही ट्रान्सप्लांट लागत नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १२०९ पेशंट घेतले होते, त्यात आठ वर्षांच्या काळात साधारण १२ टक्क्यांच्या आसपास लोकांना बुबुळ बदलावं लागलं. आणि तो काळ सीथ्रीआर या आजाराची वाढ थांबवणाऱ्या उपचाराच्या आधीचा, अमेरिकेत त्या उपचाराला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. सीथ्रीआर लवकर आलेल्या देशांत आकडे उतरलेत. ऑस्लोच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात केरॅटोकोनससाठी होणारी ट्रान्सप्लांट २००५-०६ मध्ये ५५ होती, २०१३-१४ मध्ये २६ वर आली. नेदरलँड्समध्येही तशाच काळात पाव हिस्सा कमी झाली. म्हणून "केरॅटोकोनस म्हणजे एक दिवस ऑपरेशन" हे जे कुणीतरी नातेवाईक सांगून जातं ते आधी डोक्यातून काढा.

फाइल लावायची कशी

एक साधी वही घ्या किंवा मोबाइलवर शीट करा. प्रत्येक डोळ्याला वेगळं पान, कारण दोन्ही डोळे क्वचितच सारखे चालतात. रिपोर्टवर ओडी म्हणजे उजवा आणि ओएस म्हणजे डावा. प्रत्येक व्हिजिटला लिहायचं ते एवढंच: तारीख, तेव्हाचं वय, मशीन कुठलं, के-मॅक्स, सगळ्यात पातळ जागेची जाडी (मधली जाडी वेगळी असते, ती नको), चष्म्याने किती दिसलं, लेन्सने किती दिसलं, लेन्स दिवसाला किती तास टिकते, आणि डॉक्टर बुबुळावर डाग आहे म्हणालेत का. शेवटच्या तीन गोष्टी स्कॅनच्या कागदावर नसतात, त्या विचारूनच लिहायच्या, आणि ट्रान्सप्लांटचा अंदाज मुख्यतः त्यांच्यावरच ठरतो म्हणून त्या सोडू नका.

स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर. पेंटाकॅम असेल तर पेंटाकॅम, सिरियस असेल तर सिरियस, एका मशीनचा आकडा दुसऱ्याच्या आकड्यातून वजा करून काही कळत नाही. आणि स्कॅनच्या आधी लेन्स काढून ठेवायची, सॉफ्ट असेल तर निदान आठवडाभर, हार्ड म्हणजे आरजीपी असेल तर दोन ते तीन आठवडे, कारण लेन्सच्या दाबाने बुबुळाचा आकार तात्पुरता बदललेला असतो आणि मशीन तोच आकार मोजतं. ज्याला लेन्सशिवाय कामच करता येत नाही त्याने डॉक्टरांना विचारून एका वेळी एक डोळा असं करावं, पण निदान दर वेळी सारखेच दिवस काढून ठेवावी.

हे का सांगतेय त्याचं उदाहरण. एक वडील कॅरीबॅगभर रिपोर्ट घेऊन आले होते, टेबलावर सगळे ओळीने मांडले, घडी पडून रंगीत शाई मधोमध उडालेली, आणि दोन कागदांवर बोट ठेवून म्हणाले, मॅडम बघा, चार महिन्यांत ५१.८ चा ५३.१ झाला, आता काय करायचं. नीट पाहिलं तर एक रिपोर्ट एका गावच्या मशीनचा, दुसरा दुसऱ्या गावच्या वेगळ्या कंपनीच्या मशीनचा, आणि मुलाला विचारलं तर दुसऱ्या वेळी तो आदल्या रात्रीपर्यंत हार्ड लेन्स घालून होता. लेन्स बंद ठेवून पहिल्याच मशीनवर परत स्कॅन केला तेव्हा आकडा जवळपास जुनाच आला. चार महिने त्या घरात कुणी नीट जेवलं नसेल.

अजून एक, रंगांना घाबरू नका. त्या नकाशात लाल दिसलं म्हणजे वाईट असं सरसकट नसतं, बाजूला रंगांची पट्टी असते, तिची मापं बदलली की तोच डोळा हिरवाही दिसू शकतो. रंग डॉक्टर बघतील, तुम्ही आकडे लिहा.

वाढतोय का, ते बघायचं

साधारणपणे वर्षभरात के-मॅक्स एक डायॉप्टर किंवा जास्त चढला तर वाढतोय असं बरेच डॉक्टर धरतात. २०१५ मध्ये जगभरातल्या कॉर्निया तज्ज्ञांनी एकत्र बसून जे ठरवलं त्यात एकाच आकड्यावर विसंबलेलं नाही: पुढची बाजू जास्त उभार होणं, मागची बाजू जास्त उभार होणं, आणि जाडी कमी होत जाणं, यातल्या किमान दोन गोष्टी दिसायला हव्यात, आणि तो बदल मशीनच्या नेहमीच्या चुकीपेक्षा मोठा हवा. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ४६ चं बुबुळ दोनदा मोजलं तर आकडे जवळजवळ सारखे येतात, पण ६० च्या पुढच्या बुबुळावर एकाच दिवशी दोनदा स्कॅन केला तरी एक डायॉप्टरपेक्षा जास्त फरक येऊ शकतो. म्हणून जास्त पुढे गेलेल्या डोळ्यात एकाच स्कॅनवरून निष्कर्ष काढायचा नाही, दोन तीन स्कॅन एकाच दिशेने जातायत का ते बघायचं.

पुढे किती वाढेल हे सांगणारी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे वय. उपचार न केलेल्या हजारो डोळ्यांचे आकडे एकत्र करून २०१९ मध्ये जे समोर आलं त्यात सतरा वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये वर्षाला दीड डायॉप्टरपेक्षा जास्त वाढ होण्याची शक्यता दिसली, आणि ज्यांचा के-मॅक्स पहिल्याच वेळी ५५ च्या पुढे होता त्यांचाही धोका जास्त निघाला. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाचा ५० आणि पंचेचाळिशीतल्या माणसाचा ५० हे कागदावर सारखे दिसले तरी त्यांचं भविष्य सारखं नाही, त्या मुलाच्या ५० ची काळजी करा, त्या माणसाच्या ५० ची फारशी नको. मुलांचा स्कॅन तीन महिन्यांनी, विशीतल्यांचा सहा महिन्यांनी, आणि बरीच वर्षं स्थिर असलेल्यांचा वर्षाने, असा ढोबळ अंतराचा हिशोब ठेवा, बाकी तुमचे डॉक्टर सांगतील तसं.

वाढतोय असं दिसलं की सीथ्रीआरचा विषय येतो, ज्याला क्रॉसलिंकिंग पण म्हणतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये ही पद्धत तयार झाली, २००३ मध्ये पहिले निकाल छापले गेले. रायबोफ्लेविनचे म्हणजे बी-टू व्हिटॅमिनचे थेंब टाकून त्यावर अल्ट्राव्हायोलेट प्रकाश सोडतात, त्याने कॉर्नियाचे धागे एकमेकांना जास्त घट्ट बांधले जातात. हे वाढ थांबवण्यासाठी असतं. गेलेली नजर परत आणण्यासाठी नाही, आणि हे घरच्यांना आधी नीट सांगितलं नाही तर "एवढे पैसे घालून दिसतंय तेवढंच" अशी नाराजी होते. नेहमीच्या पद्धतीसाठी वरचं पातळ आवरण काढल्यावर निदान ४०० मायक्रॉन जाडी लागते. त्यापेक्षा पातळ बुबुळांसाठीही आता वेगळ्या पद्धती आहेत, पण सोपा आणि पक्का रस्ता ४०० च्या वर असतानाचाच, म्हणून तुमच्या वहीत पातळ जागेचा आकडा ४५० च्या खाली घसरायला लागला की "पुढच्या सुट्टीत बघू" असं म्हणू नका.

मुलांच्या बाबतीत तर मी आणखी आग्रहाने सांगेन. इंग्लंडमध्ये दहा ते सोळा वर्षांच्या ६० मुलांवर एक नीट चाचणी झाली, दीड वर्षानंतर सीथ्रीआर केलेल्यांपैकी ७ टक्क्यांचा आजार वाढला होता, न केलेल्यांपैकी ४३ टक्क्यांचा. बरेच सर्जन आता मुलांमध्ये वाढ सिद्ध व्हायची वाटच बघत नाहीत. बारावीची परीक्षा, सीईटी, क्लासेस या कारणाने पुढे ढकललेल्या केसेस मी पाहते आणि वाईट वाटतं, कारण त्या एका वर्षात गेलेलं बुबुळ परत मिळत नाही.

मग ट्रान्सप्लांटकडे नेतं काय

पहिली आणि मोठी गोष्ट म्हणजे डाग, ज्याला आपल्याकडे फूल पडणं म्हणतात. उभार फार वाढला की टोकाला पांढुरकी रेघ किंवा ठिपका येतो, आणि तो बरोबर बघायच्या मार्गात आला तर कितीही चांगली लेन्स घातली तरी धूसरच दिसतं, कारण लेन्स आकार दुरुस्त करते, डाग पुसत नाही. वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासात डाग कुणाला पडतात तेही पाहिलं होतं: कमी वय, ५२ डायॉप्टरपेक्षा जास्त उभार, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणं, आणि तपासताना बुबुळावर दिसणारे ओरखडे. यातली तिसरी आणि चौथी गोष्ट तुमच्या आणि माझ्यासारख्यांच्या हातातली आहे. लेन्स संध्याकाळी टोचायला लागली, डोळा लाल होतोय, तरी चालवून घेतोय, असं करू नका, लेन्स परत बसवून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे लेन्स न जमणं. पण "लेन्स जमत नाही" हे वाक्य ऐकलं की मी विचारते, कुठली लेन्स? बऱ्याच जणांनी एकदा सॉफ्ट टोरिक (सिलिंड्रिकल नंबरची सॉफ्ट लेन्स) आणि एकदा कसलीतरी हार्ड लेन्स लावलेली असते आणि चार दिवसांत सोडून दिलेली असते. त्याला लेन्स फेल झाली असं म्हणता येत नाही. केरॅटोकोनससाठीच्या खास आरजीपी, खाली सॉफ्ट आणि वर हार्ड अशी जोडी, मधे हार्ड आणि कडेला सॉफ्ट अशी एकच हायब्रिड लेन्स, आणि शेवटी स्क्लेरल लेन्स, जी बुबुळाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते आणि आत सलाइनचा थर राहतो, हे सगळे पर्याय आहेत. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये के-मॅक्स ७० किंवा त्याहून जास्त असलेल्या डोळ्यांचा हिशोब मांडला, त्यात ज्या ५१ डोळ्यांचं एरवी ट्रान्सप्लांट केलं असतं त्यातल्या ४० डोळ्यांचं स्क्लेरलवर निभावलं. सत्तर! आपल्याकडे ६० चा आकडा बघून लोक हाय खातात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, डाग नसेल तर केरॅटोकोनसच्या लेन्स नियमित बसवणाऱ्या माणसाकडे स्क्लेरलची नीट ट्रायल झाल्याशिवाय कुणी ट्रान्सप्लांटची तारीख घेऊ नये.

हे म्हणताना एक बाजू लपवायची नाही. स्क्लेरल महाग आहे, काही वर्षांनी बदलावी लागते, रोज सलाइन भरून बसवायची, स्वच्छ पाणी आणि स्वच्छ हात हवेत, दिवसात मधेच धूसर झाली तर काढून परत भरायची. ऑफिसात बसणाऱ्याला हे जमतं. जो माणूस दिवसभर उन्हातान्हात शेतात आहे, वेल्डिंग करतो, भट्टीसमोर उभा असतो, त्याला ते तास मिळतीलच असं नाही, आणि लेन्सने ६/९, म्हणजे जवळपास पूर्ण, दिसत असूनही ती दिवसाला फक्त तीन तास टिकत असेल तर त्या माणसासाठी ती नजर नसल्यासारखीच आहे. अशा वेळी आकडे चांगले असूनही ट्रान्सप्लांटचा विचार लवकर करणं योग्य असू शकतं. म्हणून वहीत तासांचा रकाना.

तिसरी गोष्ट हायड्रॉप्स. बुबुळाच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा एकदम फाटतो आणि डोळ्यातलं पाणी बुबुळात शिरतं. एका दिवसात डोळा पांढरा होतो, पाणी, दुखणं, उजेड सहन न होणं, नजर जवळपास जाते. बघून घरचे घाबरतात आणि "आता लगेच बुबुळ बदला" म्हणतात. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचंच, पण लगेच ट्रान्सप्लांट करायचं नसतं. मिठाच्या तीव्र द्रावणाचे ड्रॉप्स, कधी डोळ्यात गॅसचा बुडबुडा, आणि बहुतेकदा दोन ते चार महिन्यांत सूज उतरते. नंतर डाग कुठे राहिला त्यावर पुढचं ठरतं, काहींचं बुबुळ तर सपाट होऊन लेन्स आधीपेक्षा बरी बसते. पण हायड्रॉप्स होऊन गेलेल्या डोळ्याची ट्रान्सप्लांटची शक्यता वाढते, आणि ऑपरेशनचा प्रकारही बदलतो, ते पुढे येईलच.

आता हे सगळं एकत्र कसं वाचायचं त्याची काही काल्पनिक उदाहरणं देते. वय ३८, के-मॅक्स ५६, तीन वर्षं हललेला नाही, स्वच्छ बुबुळ, आरजीपीने ६/९, दिवसभर लेन्स: आकडा मोठा आहे पण ट्रान्सप्लांट लांब आहे, वर्षाला एक स्कॅन पुरे. वय १५, के-मॅक्स ५३, जाडी ४४०, ऍलर्जी आणि सारखे डोळे चोळणं, चष्म्यानेच ६/९: आज छान दिसतंय म्हणून घरचे निवांत, पण या यादीत मला सगळ्यात जास्त काळजी याचीच, कारण याचा आजार पळतोय आणि सीथ्रीआरची वेळ आत्ता आहे. वय २७, के-मॅक्स ६८, डाग नाही, स्क्लेरलने ६/९, दहा तास: रिपोर्ट बघून कुणीही घाबरेल, तरी आज ऑपरेशनचं कारण नाही, फक्त हायड्रॉप्सची लक्षणं माहीत हवीत. वय ३०, के-मॅक्स ५४, मधोमध डाग, उत्तम लेन्सनेही ६/२४: आकडा आधीच्यापेक्षा कितीतरी कमी, पण ट्रान्सप्लांटची गोष्ट याच्याशीच करायची. शेवटची दोन उदाहरणं परत वाचा, के-मॅक्सवर एकट्यावर का विसंबायचं नाही ते तिथे कळेल.

कॉम्प्युटर मॉडेल्सबद्दल पण विचारतात. लंडनच्या मूरफील्ड्स हॉस्पिटलच्या लोकांनी हजारो डोळ्यांचे स्कॅन वापरून कुणाचा आजार किती वेगाने वाढेल याचा अंदाज देणारी पद्धत केलीय, आणि अशी कामं इतरही ठिकाणी चालू आहेत. सीथ्रीआर कुणाला लवकर करायचं ते ठरवायला याचा चांगला उपयोग आहे. पण त्यातही मुख्य माल तोच, वय आणि स्कॅनचे आकडे. तुमचा डोळा लेन्स सहन करतो का हे त्याला माहीत नसतं.

लागणारच असेल तर घाई किती करायची

ऑपरेशनचे मुख्य दोन प्रकार. पूर्ण जाडीचं बुबुळ बदलतात ते पीके, आणि आतला पडदा तुमचाच ठेवून फक्त पुढचे थर बदलतात ते डाल्क. डाल्कमध्ये आतल्या पेशी स्वतःच्या राहतात म्हणून त्या थराच्या रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने तो नाकारण्याचा, धोका नसतो, त्यामुळे केरॅटोकोनसच्या तरुण पेशंटला जमत असेल तर डाल्क बरं. मात्र हायड्रॉप्स होऊन पडदा फाटलेला असेल, किंवा डाग अगदी खोलवर गेला असेल, तर डाल्क अवघड होतं आणि पीकेच करावं लागतं. म्हणजे उगाच घाई नको तसं वर्षानुवर्षं टाळत राहणंही नको. लेन्सने भागत नाही हे नीट ट्रायल करून सिद्ध झालंय, डाग वाढतोय, तर पडदा शाबूत आहे तोवर सर्जनशी बोलून घ्या.

घाई का नको तेही आकड्यात सांगते. ऑस्ट्रेलियाच्या बुबुळ ट्रान्सप्लांटच्या नोंदवहीत केरॅटोकोनससाठी पीके केलेल्या डोळ्यांमध्ये दहा वर्षांनी ८९ टक्के बुबुळं चांगली होती, वीस वर्षांनी ४९ टक्के. दहा वर्षांचा आकडा उत्तम आहे, पण बाविसाव्या वर्षी बदललेलं बुबुळ बेचाळिशीत परत बदलायची वेळ येऊ शकते हे आधी माहीत हवं. शिवाय टाके वर्ष दीड वर्ष राहतात, त्यानंतरही चष्मा किंवा लेन्स बऱ्याच जणांना लागतेच, ऑपरेशननंतर लेन्स सुटेल या आशेने जाणाऱ्याला मी हे आवर्जून सांगते. आणि डोळा लाल होणं, उजेड न सोसणं, नजर कमी होणं, दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, कितीही वर्षं झाली असली तरी.

मधले काही पर्यायही आहेत, बुबुळात बसवायच्या रिंग, किंवा दान मिळालेल्या बुबुळाच्याच पट्ट्या बसवणं, ही दुसरी पद्धत चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी आणली. मधोमध डाग नसेल आणि जाडी पुरेशी असेल तर याबद्दल जरूर विचारा. लेसिक, म्हणजे नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, मात्र केरॅटोकोनसमध्ये अजिबात नाही, कुणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणालं तरी.

हातात काय आहे

डोळे चोळणं थांबवणं. मी समोर बसून बघते, आई सांगत असते की आता नाही चोळत हो, आणि बाजूला बसलेला मुलगा मोबाइल बघता बघता बोटाचं पेर डोळ्यात घालून गोल गोल फिरवत असतो, दोन मिनिटं, डोळा मिटून, चांगला दाब देऊन, आणि त्याला स्वतःला पत्ताच नसतो. रागावून ते थांबत नाही कारण खाज खरी असते. खाज थांबवा, चोळणं थांबेल. डॉक्टरांनी दिलेले ऍलर्जीचे ड्रॉप्स सीझनभर नियमित, गार पाण्याच्या पट्ट्या, झोपताना तोंड उशीत खुपसायची सवय असेल तर ती मोडणं. आणि मेडिकलमधून मागच्या वेळचेच ड्रॉप्स म्हणून स्टेरॉइड आणून टाकत राहू नका, खाज जादूसारखी जाते पण महिनोन् महिने टाकले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर कुठलंच ट्रान्सप्लांट परत आणत नाही.

पुढच्या व्हिजिटला वही घेऊन जा आणि एवढं विचारा: मागच्या वेळेपेक्षा खरंच वाढलाय की मशीनचा फरक आहे, डाग आहे का आणि मधोमध आहे का, सीथ्रीआर करता येईल एवढी जाडी उरलीय का, माझ्यासाठी अजून कुठली लेन्स ट्राय करायची राहिलीय, आणि उद्या लागलंच तर डाल्क जमेल का. डॉक्टर बिझी असतात, पण असे नेमके प्रश्न विचारले की उत्तरं मिळतात. आणि एका मुलाला केरॅटोकोनस निघाला असेल तर घरातल्या बाकीच्या भावंडांचाही एकदा स्कॅन करून घ्या, त्यांना आत्ता छान दिसत असलं तरी.